माणूस अंगावर का धावून जातो? राग आणि आक्रमकता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आई-वडील, जोडपी, शिक्षक आणि स्वतःच्याच रागाची धास्ती घेतलेली माणसं माझ्याशी बोलायला येतात. शब्द वेगवेगळे असले तरी प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून काढली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे गैरसमज फार खोलवर रुजलेले आहेत आणि त्यांचा फटका बहुतेक वेळा घरातल्या सगळ्यात लहान माणसाला बसतो.

राग आणि आक्रमकता एकच ना?

नाही. आपल्या भाषेला हा फरक चांगला ठाऊक आहे. ‘मला राग आला’ असं आपण म्हणतो, जशी शिंक येते, झोप येते तसा. मारण्याबद्दल बोलताना मात्र ‘मी मारलं’ असंच म्हणावं लागतं. तिथे कर्ता लागतो. मानसशास्त्रही हेच सांगतं. राग ही भावना आहे आणि आक्रमकता हे वर्तन. ज्याला इजा नको आहे अशा माणसाला इजा व्हावी, या हेतूने जाणूनबुजून केलेली कृती म्हणजे आक्रमकता. दंतवैद्य दात काढतो तेव्हा जीव कळवळतो, पण ती आक्रमकता नव्हे. कोणी दगड भिरकावला आणि नेम चुकला, तर कोणालाही न लागता ती आक्रमकताच.

हात उचलणं हा तिचा फक्त एक प्रकार झाला. चारचौघांत पाणउतारा करणं, अफवा पसरवणं, एखाद्याला ठरवून वाळीत टाकणं हेही याच व्याख्येत येतं. ‘हा सेल्समन फार अ‍ॅग्रेसिव्ह आहे’ असं आपण कौतुकानेही म्हणतो. तो अर्थ इथे नाही.

आणि बहुतेक राग कोणालाही न दुखावता विरून जातो. दिवसभरात तुम्हाला किती वेळा चीड आली आणि त्यातल्या किती वेळा तुम्ही कोणाला काही केलंत, हे एकदा मोजून पाहा.

रागाशिवायही आक्रमकता असते का?

असते, आणि ती जास्त भीतीदायक असते. तळपायाची आग मस्तकात जाऊन केलेला हल्ला हा एक प्रकार. काहीतरी मिळवण्यासाठी थंड डोक्याने, वेळ पाहून केलेला हल्ला हा दुसरा. वर्गातल्या दुबळ्या मुलाला हेरून त्याच्याकडून रोज काहीतरी उकळणाऱ्या दादा मुलाला राग आलेला नसतो. त्याला राग आवरायला शिकवून काही साधणार नाही, कारण त्याची अडचण तिथे नाहीच. त्याला त्या वागण्यातून काय मिळतंय हे शोधून ते मिळणं बंद करावं लागतं. प्रत्यक्षात हे दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळतातही, पण उपाय ठरवण्याआधी आपण कशाशी लढतोय हे कळायला हवं.

हिंसा माणसाच्या रक्तातच आहे का?

हा वाद जुना आहे. माणसाला युद्धाच्या संकटातून सोडवण्याचा काही मार्ग आहे का, असं आइन्स्टाइनने १९३२ मध्ये फ्रॉइडला पत्र लिहून विचारलं. विध्वंसाची ओढ माणसात मुळातच असते, ती पुसून टाकता येणार नाही, फार तर दुसरीकडे वळवता येईल, असं फ्रॉइडचं मत होतं. माणसामाणसांतले भावनिक बंध वाढले तर तिला आळा बसेल, एवढी आशा त्याने ठेवली. पुढे १९६३ मध्ये प्राणिवर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी असा विचार मांडला, की आक्रमकता आत साचत राहते आणि वाट मिळाली नाही तर फुटते. याच्या दुसऱ्या टोकाला १९८६ मध्ये स्पेनमधल्या सेव्हिल इथे जमलेल्या वैज्ञानिकांनी जाहीरनामा काढला, की युद्ध किंवा हिंसा माणसाच्या जनुकांत कोरलेली आहे असं म्हणणं विज्ञानाला धरून नाही. युनेस्कोने १९८९ मध्ये तो स्वीकारला.

मला या दोन्ही टोकांपेक्षा मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड रँगम यांचं म्हणणं पटतं. चिंपांझी क्षुल्लक कारणावरून एकमेकांवर तुटून पडतात. त्या मानाने माणूस समोरासमोर विलक्षण शांत प्राणी आहे. एकमेकांचं तोंडही न पाहिलेली शेकडो माणसं एका सभागृहात खांद्याला खांदा लावून तीन तास बसतात आणि कोणी कोणाला चावत नाही, ही जीवसृष्टीत साधी गोष्ट नव्हे. मात्र ठरवून, टोळी करून, आपल्याला कमीत कमी धोका पोचेल असा हल्ला करण्यात माणूस पटाईत आहे. क्षमता उपजत आहे. ती कधी, कोणावर आणि किती वापरायची, हे परिस्थिती आणि शिकवण ठरवते.

आमचं दोन वर्षांचं मूल मारतं, चावतं. हे कोणाकडून शिकलं?

कोणाकडूनही नाही. हे ऐकून अनेक आई-बाबांच्या चेहऱ्यावरचा ताण पहिल्यांदा सैल झालेला मी पाहिला आहे.

खाली बसून जरा नीट पाहा. एका मुलाच्या हातात लाल गाडी आहे. दुसरं रांगत येतं, गाडीला हात घालतं. पहिलं ती छातीशी धरतं. दुसरं ओढतं, निघत नाही म्हणून आणखी जोरात ओढतं, मग त्याच्या दंडाचा चावा घेतं. पहिलं किंचाळतं, गाडी सुटते. चावणारं मूल गाडी हातात घेऊन रडणाऱ्या मुलाकडे काही क्षण टक लावून पाहतं, चेहऱ्यावर थोडं नवल, थोडी भीती. कुठेही दुष्टावा नाही. हवं होतं, मिळत नव्हतं, दात जवळ होते.

कॅनडातले संशोधक रिचर्ड ट्रेम्ब्ले यांनी हजारो मुलांची वाढ वर्षानुवर्षं नोंदवली. त्यांना दिसलं, की मारणं, ढकलणं, चावणं हे माणसाच्या आयुष्यात सगळ्यात जास्त साधारण दोन ते चार वर्षांच्या दरम्यान असतं आणि पुढे बहुतेकांमध्ये उतरत जातं. म्हणजे बहुतेक मुलं मोठी होता होता मारायला नव्हे, न मारायला शिकतात. शब्द सापडतात, थांबता येऊ लागतं, आपली पाळी येईल असा भरवसा बसतो. म्हणून ‘याला हे कोणी शिकवलं?’ यापेक्षा ‘याला थांबायला कोण शिकवतंय?’ हा प्रश्न जास्त उपयोगाचा आहे. थोड्या मुलांमध्ये हा उतार दिसत नाही. शाळेत जाऊ लागल्यावरही हातघाई तशीच राहिली, तर वाट न पाहता तज्ज्ञाला दाखवावं, कारण या मुलांचा मोठेपणीचा रस्ता जास्त खडतर असतो.

मग मुलं पाहून शिकत नाहीत का?

शिकतात, आणि फार लवकर शिकतात. अल्बर्ट बँडुरा यांनी १९६१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत ७२ मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. काही मुलांसमोर एका मोठ्या माणसाने फुगवलेल्या बाहुलीला ठोसे मारले, लाकडी हातोडीने बडवलं, वर फेकलं. नंतर मुलांना छान खेळणी दाखवून ती काढून घेतली, म्हणजे आधी जरा हिरमुसलं केलं, आणि मग त्या बाहुलीजवळ सोडलं. ज्यांनी मारहाण पाहिली होती त्यांनी ती हुबेहूब वठवली, शब्दांसकट.

मला १९६५ चा पुढचा प्रयोग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात काही मुलांनी बाहुलीला मारणाऱ्याला शिक्षा होताना पाहिलं. त्यांनी नक्कल कमी केली. पण ‘त्याने काय काय केलं ते करून दाखवलंस तर बक्षीस’ असं सांगितल्यावर त्यांनीही इतरांइतकंच करून दाखवलं. शिक्षेमुळे कृती थांबली होती, शिकलेलं पुसलं गेलं नव्हतं. घरात एका माणसाने दुसऱ्यावर हात उगारलेला पाहणारं मूल गप्प बसलं, म्हणून ते काही शिकलं नाही असं समजू नका.

राग येतो तेव्हा मेंदूत काय होतं?

एक प्रसंग घेऊ. माणूस कामावरून घरी आला आहे. दुपारी साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं, तेव्हा तो ‘हो सर’ म्हणाला. रात्री टेबलावर उद्याचे कागद मांडले आहेत. सहा वर्षांची मुलगी चित्र दाखवायला धावत येते, कोपर लागून पेला कलंडतो. पाणी पसरतं, शाई फुटते. त्याची मान आधी ताठ होते. जबडा आवळला जातो, कानशिलं तापतात, उजवा हात टेबलावरून चार बोटं वर उचलला जातो. मुलगी हातातलं चित्र छातीशी धरून एक पाऊल मागे सरते.

इथवर सगळं सेकंदभरात झालं. मेंदूच्या आतल्या बाजूला अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग असतो, तो धोक्याची खूण टिपतो. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस शरीराला लढाईच्या पवित्र्यात आणतो: अ‍ॅड्रेनॅलिन सुटतं, हृदय जोरात चालतं, रक्त स्नायूंकडे धावतं. हायपोथॅलॅमसचा ठरावीक भाग विजेने चेतवला की शांत मांजर फिस्कारून हल्ल्याच्या पवित्र्यात येतं, हे स्विस शास्त्रज्ञ वॉल्टर हेस यांनी दाखवलं होतं. त्यांना १९४९ चं नोबेल मिळालं. पण माणसाच्या कपाळामागे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स आहे. परिणामांचा विचार करणं आणि उठलेला हात हवेतच धरून ठेवणं, ही कामं मुख्यतः त्याची. त्याला थोडा वेळ लागतो. चार बोटं वर आलेला तो हात खाली टेबलावर जातो की मुलीच्या गालावर, हे त्या थोड्या वेळात ठरतं. अपुरी झोप, दारू, दीर्घकाळचा ताण या सगळ्यांनी त्याचं काम मंदावतं. तो पूर्ण पिकायला वयाची पंचविशी उजाडते. पौगंडातल्या मुलांचं क्षणात भडकणं यानेही थोडंफार समजतं.

या भागाला इजा झाली की माणूस राक्षस होतो, असं मात्र नाही. १८४८ मध्ये फिनिअस गेज या रेल्वे कामगाराच्या कवटीतून लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, पण उतावळा, शिवराळ आणि लहरी झाला, असं त्याच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं. तोच गेज पुढे चिलीमध्ये काही वर्षं घोडागाडी हाकत होता, म्हणजे बरंच सावरला होता. मेंदूही पुन्हा शिकतो.

टेस्टोस्टेरॉन जास्त म्हणून माणूस आक्रमक, हे खरं का?

माणसांमध्ये हा संबंध आहे, पण लोक समजतात त्यापेक्षा खूपच हलका. शिवाय तो दोन्ही बाजूंनी चालतो: चढाओढीच्या आणि आव्हानाच्या प्रसंगानेही टेस्टोस्टेरॉन वाढतं. हे संप्रेरक मान-मरातब टिकवण्याच्या धडपडीशी जोडलेलं दिसतं, आणि मान कशाने मिळतो हे आजूबाजूचा समाज ठरवतो. आयझेनेगर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १२१ स्त्रियांना टेस्टोस्टेरॉन किंवा औषध नसलेला नुसता दिखाऊ डोस देऊन पैशाची वाटणी करायला लावलं. ज्यांना खरोखर टेस्टोस्टेरॉन दिलं होतं त्यांची वाटणी जास्त न्यायाची निघाली. ‘आपल्याला टेस्टोस्टेरॉन दिलंय’ असं ज्यांना नुसतं वाटलं, त्या मात्र जास्त अन्यायाने वागल्या. संप्रेरकापेक्षा त्याची दंतकथा जास्त जहाल ठरली.

आणि हिंसेचं जनुक?

असं एकच जनुक नाही. १९६५ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका सुरक्षा रुग्णालयात जास्तीचं वाय गुणसूत्र असलेले पुरुष अपेक्षेपेक्षा जास्त सापडले आणि ‘गुन्हेगारी गुणसूत्र’ अशी बोंब उठली. १९७६ च्या डॅनिश अभ्यासात हे पुरुष जास्त हिंसक असल्याचा पुरावा मिळाला नाही. पण तोवर किती तरी निरपराध मुलांच्या कपाळी शिक्का बसला होता.

एमएओए या जनुकाची गोष्ट जास्त शिकवणारी आहे. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या मुलांचा आयुष्यभर अभ्यास चालू आहे. २००२ मध्ये कॅस्पी, मॉफिट आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या मुलग्यांबद्दल लिहिलं: या जनुकाचा मंदपणे काम करणारा प्रकार असलेल्या आणि लहानपणी छळ सोसलेल्या मुलग्यांमध्ये मोठेपणी समाजविघातक वर्तन जास्त दिसलं. जनुक तेच, पण घरात छळ नाही, तर तसा परिणाम नाही. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत हे सारख्याच जोराने दिसलेलं नाही. तरी ‘बापावर गेलाय, रक्तच तसं’ असं मुलासमोर म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. जनुक बदलता येत नाही, त्या मुलाशी आपण कसं वागतो ते बदलता येतं.

पुरुष जास्त आक्रमक असतात का?

शारीरिक हिंसेत, हो, आणि फरक मोठा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०१९ च्या जागतिक अहवालानुसार खुनाच्या संशयितांमध्ये सुमारे ९० टक्के पुरुष असतात. बळींमध्येही सुमारे ८० टक्के पुरुषच. जोडीदाराकडून मारल्या जाणाऱ्यांमध्ये मात्र बहुसंख्य स्त्रिया असतात. अफवा, बहिष्कार, नात्यातून दुखावणं अशा आडवळणाच्या आक्रमकतेत फरक बराच कमी होतो. राग येण्याच्या प्रमाणातही स्त्री-पुरुषांत मोठी तफावत नाही. राग दोघांनाही येतो. तो अंगावर काढायची मुभा कोणाला मिळते, यात फरक आहे.

मनासारखं झालं नाही की राग का येतो?

येल विद्यापीठातल्या डोलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये सांगितलं, की हवं ते मिळवण्याच्या वाटेत अडथळा आला की आक्रमकता उपजते. ते जरा जास्तच ठाम होतं. लिओनार्ड बर्कोविट्झ यांनी पुढे दुरुस्ती केली: अडथळ्याने जीव त्रासतो, आणि त्रासलेला जीव भडकायला सोपा असतो. तो त्रास अपमानाचाच असायला हवा असं नाही. दुखणारी दाढ, भूक, कोंडलेली हवा, कानठळ्या बसवणारा आवाज, काहीही पुरतं.

आणि त्रास देणारा बलवान असला की भडका दुबळ्यावर उडतो. मानसशास्त्र याला विस्थापित आक्रमकता म्हणतं, आपण ‘वड्याचं तेल वांग्यावर’ म्हणतो. वरच्या प्रसंगातली मुलगी आठवा. पाणी तिने सांडलं, पण तो हात दुपारपासूनच वर होता.

तोच टोमणा एकजण हसून सोडतो, दुसरा पेटून उठतो. असं का?

दोघांना ऐकू तेच येतं, पण दोघं त्याचा अर्थ वेगळा लावतात. केनेथ डॉज यांनी १९८० च्या सुमारास मुलांमध्ये दाखवलं, की धक्का चुकून लागला की मुद्दाम, हे स्पष्ट नसतं तेव्हा आक्रमक मुलं ‘मुद्दामच’ असं चटकन ठरवतात. ज्या मुलाला घरी वारंवार मार बसला आहे, त्याने असं समजणं एके काळी बरोबरही होतं; त्या घरात जगायचं तर धोका आधीच ओळखावा लागत होता. घर सुटलं तरी ती नजर सुटत नाही.

‘आक्रमक माणसाच्या मनात न्यूनगंड असतो’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलं आहे, की ते तपासावंसं वाटत नाही. रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ते तपासलं आणि वेगळंच मांडलं: धोका असतो तो स्वतःबद्दलच्या फुगवलेल्या पण नाजूक प्रतिमेला कोणी टाचणी लावली तर. म्हणून आडदांड मुलाला नुसतं ‘तू ग्रेट आहेस’ म्हणत राहणं हा उपाय नव्हे.

उष्णता आणि दारू यांचा खरंच संबंध आहे?

दोन्हींचा आहे. अमेरिकेतल्या फिनिक्स या तप्त शहरात १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग साधा आणि सुंदर आहे. हिरवा सिग्नल लागूनही एक गाडी मुद्दाम थांबवून ठेवली आणि मागचे किती हॉर्न वाजवतात ते मोजलं. तापमान चढेल तसे हॉर्न वाढले, आणि काचा उघड्या ठेवून घामाघूम बसलेल्यांमध्ये हा परिणाम जास्त ठळक होता.

दारूबद्दल स्टील आणि जोसेफ्स यांनी १९९० मध्ये दिलेलं स्पष्टीकरण मला सगळ्यात पटतं. दारूने नजर आखूड होते. समोरचा डोळे वटारतोय एवढंच दिसतं. उद्याचं पोलीस ठाणं, दारात उभं असलेलं मूल दिसेनासं होतं. बहुतेक पिणारे मारहाण करत नाहीत, त्यामुळे ‘दारूने केलं’ ही सबब पुरी पडत नाही. आपण प्यालो की काय होतं हे ज्याला एकदा कळलं आहे, त्याच्यासाठी पुढचा पहिला घोट हीच जबाबदारीची जागा आहे.

राग बाहेर काढला की मन मोकळं होतं ना? उशीला ठोसे मारावेत का?

नाही. कृपा करून नाही. या एका गैरसमजाने फार नुकसान केलं आहे.

राग म्हणजे प्रेशर कुकरमधली वाफ, शिटी झाली नाही तर स्फोट होईल, हे चित्र आपल्या मनात घट्ट बसलं आहे. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये ते कसोटीला लावलं. विद्यार्थ्यांना अपमानास्पद शेरे देऊन चिडवलं. मग काहींना अपमान करणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅग बडवायला लावली, काहींना तीच बॅग व्यायाम म्हणून, आणि काहींना नुसतं बसवून ठेवलं. अपमान करणाऱ्याला आठवत ठोसे मारणारे सगळ्यात जास्त चिडलेले आणि नंतर सगळ्यात आक्रमक निघाले. नुसतं बसलेले सगळ्यात कमी आक्रमक. २०२४ मध्ये क्येर्विक आणि बुशमन यांनी १५४ अभ्यास एकत्र तपासले, दहा हजारांवर माणसांचे. शरीराची धडधड उतरवणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे संथ श्वास, ध्यान, स्नायू सैल सोडणं यांनी राग कमी झाला. धडधड वाढवणाऱ्यांनी एकंदरीत झाला नाही. धावण्याने तर वाढण्याकडेच कल दिसला.

मग आदळआपट केल्यावर बरं का वाटतं? क्षणभर वाटतं हे खरंच, आणि तोच धोका आहे. बरं वाटलं म्हणून मेंदू ती वाट लक्षात ठेवतो. आज उशी, उद्या दार, परवा दारामागचं माणूस.

याचा अर्थ राग गिळून बसा असाही नाही. ‘तू फोन केला नाहीस, मी रात्री दोनपर्यंत जागी होते, मला भयंकर राग आलाय’ हे बोलणं म्हणजे राग सांगणं. ताट भिरकावणं म्हणजे राग करून दाखवणं. सांगितल्याने समोरच्याला कारण कळतं.

चांगली माणसं गर्दीत किंवा हुकमाखाली क्रूर कशी होतात?

मुझफर शेरीफ यांनी १९५४ मध्ये ओक्लाहोमातल्या एका शिबिरात सुमारे अकरा-बारा वर्षांच्या २२ साध्यासुध्या मुलग्यांचे दोन गट केले आणि त्यांच्यात चुरशीच्या स्पर्धा लावल्या. थोड्याच दिवसांत झेंडे जाळणं, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी घालणं सुरू झालं. नुसतं एकत्र जेवायला बसवून भागलं नाही, अन्नच एकमेकांवर फेकलं गेलं. पाण्याची टाकी बंद पडली, अडकलेला ट्रक सगळ्यांनी मिळून ओढावा लागला, अशी कामं पुढ्यात आली तेव्हा वैर निवळलं. हे मात्र सांगायला हवं, की त्याआधी १९५३ मध्ये केलेला असाच प्रयत्न फसला होता. ती मुलं एकमेकांविरुद्ध उठलीच नाहीत. मला ही फसलेली आवृत्ती फार आशादायक वाटते.

स्टॅन्ली मिलग्रम यांच्या येलमधल्या प्रयोगात ४० पैकी २६ जण, केवळ ‘पुढे चालू ठेवा’ असं सांगितल्यामुळे, समोरच्याला ४५० व्होल्टचा झटका देतोय असं समजून शेवटच्या बटणापर्यंत गेले. त्यांना राग आलेला नव्हता; घाम फुटला होता, हात थरथरत होते. याच प्रयोगाच्या दुसऱ्या एका फेरीत शेजारच्या दोघांनी नकार दिला, तेव्हा मात्र शेवटपर्यंत जाणारे ४० पैकी चारच उरले.

हिंसक व्हिडिओ गेममुळे मुलं हिंसक होतात का?

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये घेतलेली भूमिका मला रास्त वाटते: ओरडणं, ढकलणं अशा वागण्याशी लहानसा संबंध दिसतो, पण खऱ्याखुऱ्या हिंसाचाराचं खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही. मूल काय खेळतंय ते पाहा, झोप मोडून खेळतंय का तेही पाहा. घरातलं भांडण दुर्लक्षून गेमवर बोट ठेवू नका.

‘दोन लगावल्याशिवाय मूल सुधारत नाही’, यात तथ्य आहे का?

मारलं की मूल त्या क्षणी थांबतं, म्हणून मारणाऱ्याला वाटतं की उपाय लागू पडला. पण २०१६ मध्ये गेरशॉफ आणि ग्रोगन-केलर यांनी ७५ अभ्यास आणि १,६०,००० हून अधिक मुलांची माहिती तपासली, तेव्हा मार खाणाऱ्या मुलांमध्ये आक्रमकता आणि मानसिक त्रास जास्त आढळला, कमी नव्हे. अवघड मुलांना मार जास्त बसतो हेही त्यात मिसळलेलं आहे, पण माराने मुलं सुधारतात याला आधार मिळत नाही. स्वीडनने १९७९ मध्ये घरातही मुलांना मारण्यावर बंदी घातली, जगात पहिल्यांदा.

‘भावाला मारलंस?’ असं म्हणत फटका मारणाऱ्या हाताकडे मुलाच्या उंचीवरून एकदा पाहा. ‘मारू नये’ हे त्याला ऐकू येतं. ‘मोठा झालं की मारता येतं’ हे दिसतं.

‘मला राग आवरतच नाही.’ असं खरंच असतं का?

काहींच्या बाबतीत असतं. अचानक, प्रसंगाच्या मानाने अवाजवी उद्रेक वारंवार होणं हा निदान करण्याजोगा विकार आहे आणि त्यावर उपचार आहेत. मेंदूची इजा, नैराश्य, व्यसन यांमुळेही असं होतं.

पण हे वाक्य म्हणणाऱ्याला मी एक प्रश्न विचारतेच: साहेबांसमोर आवरतो का? पोलिसासमोर? घरी पाहुणे असताना? उत्तर ‘हो’ असेल तर ब्रेक शाबूत आहेत; फक्त घरात शिरल्यावर त्यांवर पाय ठेवायची गरज वाटत नाही. ‘माझा हात उचलला गेला’ असं म्हणत आलेला माणूस ‘मी हात उचलला’ असं म्हणू लागला, की काम सुरू झालं असं मी समजते. काहींना या वाक्यापर्यंत यायला महिने लागतात.

मग राग आला की नेमकं करायचं काय?

आधी शरीर. जबडा, खांदे, मुठी: तुमचा राग सगळ्यात आधी कुठे कळतो ते ओळखून ठेवा, कारण तीच सगळ्यात लवकरची घंटा आहे. तिथे श्वास सावकाश सोडा, आत घेतला त्यापेक्षा जास्त वेळ घेऊन. उभे असाल तर बसा. जागा सोडणार असाल तर ‘मी वीस मिनिटांनी परत येतो, मग बोलू’ असं सांगून जा आणि खरंच परत या. न सांगता निघून जाणं समोरच्याला शिक्षेसारखं लागतं. त्या वीस मिनिटांत मनातल्या मनात भांडण पुढे चालवू नका. घडलेला प्रसंग दुरून, भिंतीवरल्या माशीच्या नजरेने पाहा; २०१२ च्या एका प्रयोगात ऐन चिडलेल्या क्षणी असं पाहणाऱ्यांचा राग आणि आक्रमकता दोन्ही कमी राहिले.

मग विचार. अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचारात रागामागची मागणी शोधतात, आणि मराठीत ती शोधणं सोपं आहे: वाक्यातला ‘च’ पाहा. ‘त्याने माझं ऐकायला हवं’ ही इच्छा झाली. ‘त्याने माझं ऐकायलाच हवं’ हा हुकूम. इच्छा मोडली तर वाईट वाटतं. हुकूम मोडला तर हात शिवशिवतात. मनातलं वाक्य कागदावर जसंच्या तसं लिहा, ‘च’ला गोल करा आणि तो खोडून वाक्य पुन्हा वाचा. आठवडाभर केलं तरी कोणते ‘च’ नेहमीचे आहेत ते कळतं.

रेमंड नोव्हाको यांनी १९७० च्या दशकात राग हाताळण्याचं पद्धतशीर प्रशिक्षण विकसित केलं, त्याचा गाभा हाच आहे की तयारी शांत असताना करायची. ऐन भडक्यात नवं काही सुचत नाही.

मदत कधी घ्यावी?

घरातलं कोणी तुमची चाहूल लागताच बोलणं थांबवत असेल, तर तेवढं पुरे आहे. वस्तू फेकल्या, हात उचलला, मूल घाबरून कोपऱ्यात गेलं, नंतर पश्चात्ताप झाला आणि तरी पुन्हा तेच घडलं, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित समुपदेशक यांना भेटा. झोप, दारू, डोक्याला पूर्वी झालेली इजा आणि चालू औषधं यांबद्दल पहिल्याच भेटीत सांगा.

आणि हे पान तुम्ही मार खाणाऱ्याच्या बाजूने वाचत असाल, तो असा का वागतो हे समजून घेण्यासाठी, तर ते समजून घेणं हे तुमचं काम नाही. त्याच्या लहानपणी जे झालं त्याची भरपाई तुमच्या अंगावर होऊ देऊ नका. आधी सुरक्षित जागी पोचा, भरवशाच्या एका तरी माणसाला सगळं सांगा. त्याचे उपचार सुरू होतील तेव्हा होतील, त्यासाठी तुम्ही त्या खोलीत असायची गरज नाही.